बोर्डो, बोर्दो आणि बेचाळीस वर्षांची बाटली

आमच्या तासगाव भागात 'बोर्डो' म्हटलं की कुणाच्याही डोळ्यांसमोर फ्रान्स येत नाही. येतो तो निळ्या पाण्याने भरलेला पिंप, मोरचुदाचे डाग पडलेला सदरा आणि पाठीवरचा पंप. ऑक्टोबरची फळछाटणी झाली की वर्गातली निम्मी मुलं गायब व्हायची. "बाई, काल बोर्डो मारायचा होता" हे कारण आमच्या शाळेत आजारपणाइतकंच मान्य होतं. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. हे प्रमाण नववीतल्या मुलाला शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सालापेक्षा पक्कं पाठ असे, आणि मी इतिहास शिकवत असूनही मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पोट द्राक्षावर होतं.

या औषधाला ज्या गावाचं नाव आहे त्या गावात माझी लेक नोकरीनिमित्त राहते. २०२४ च्या शरद ऋतूत मी तिच्याकडे दोन महिने होते. तिच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहतात. आम्ही त्यांना आजोबा म्हणतो (माझ्यापेक्षा आठच वर्षांनी मोठे आहेत, पण म्हणतो). त्यांनी एकदा लेकीला तिचं जन्मसाल विचारलं. १९८२ म्हटल्यावर ते हसले, तळघराकडे बोट दाखवलं आणि पुढच्या रविवारी जेवायला या म्हणाले. तिकडे मूल जन्मलं की त्या सालाची वाइन ठेवून देण्याची रीत आहे म्हणे. आपल्याकडे आंब्याचं झाड लावतात तसं काहीसं.

बाटली होती 'शातो लेओव्हिल बार्टन', साल १९८२, गाव सँ-ज्युलियाँ, प्रांत मेदॉक.

इथे नातेवाईक मंडळींसाठी एक खुलासा. माझं सासर माळकऱ्यांचं. माहेरी माझ्या एका चुलत्यांनी हातभट्टीपायी तीन एकर रान घालवलं, ते मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे. काकूंच्या हातातल्या पाटल्या गेल्या तो दिवसही आठवतो. त्यामुळे दारूवर कविता करणं मला या जन्मी जमायचं नाही. "वहिनी, या वयात?" असं नणंदबाईंनी फोनवर विचारलं, तेव्हा मी म्हटलं, प्यायली असती तर ज्या वयात बिघडले असते ते वय केव्हाच मागे पडलं. अर्धा पेला घेतला. पण त्या अर्ध्या पेल्यामागे जो इतिहास निघाला त्याने माझे पुढचे तीन आठवडे खाल्ले. तो सांगायचा आहे.

पहिला धक्का असा, की 'वाइन जितकी जुनी तितकी चांगली' ही समजूत स्वतः फार जुनी नाही. बोर्दोची वाइन हजार-बाराशे वर्षं तरी ताजीच प्यायली जात होती. ११५२ मध्ये अ‍ॅक्विटेनच्या एलेनॉरने हेन्री प्लँटॅजेनेटशी लग्न केलं. दोनच वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला, आणि राणीच्या माहेरच्या मिळकतीबरोबर बोर्दोही इंग्रजी अमलाखाली गेलं. (मुंबई बेट लग्नात आंदण गेलं हे आपण शाळेत शिकतो. इथे अख्खा प्रांत गेला.) पुढची तीनशे वर्षं, म्हणजे १४५३ च्या कास्तियोंच्या लढाईत इंग्रज हरेपर्यंत, दर हिवाळ्यात गारोन नदीतून नव्या वाइनने भरलेली गलबतं इंग्लंडला निघत. चौदाव्या शतकाच्या आरंभी चांगल्या वर्षी सुमारे एक लाख मोठी पिंपं बाहेर जात. त्या पिंपाला 'टन' म्हणत आणि एका पिंपात नऊशे लिटरच्या आसपास माल मावे. जहाज किती पिंपं नेतं यावरून त्याची ऐपत मोजली जाई. जहाजांच्या 'टनेज'चा शब्द तिथून आला आहे. भूगोलाच्या तासाला बंदरं आणि टनेज इतकी वर्षं आम्ही घोकून घेतलं, पण त्यात दारूचं पिंप लपलंय हे कुणी सांगितलं नाही!

ही वाइन फिकट लाल असे. तिला 'क्लॅरेट' हे नाव पडलं ते या फिकटपणावरून. नवी गलबतं बंदराला लागली की गेल्या वर्षीच्या मालाचा भाव कोसळे, कारण तोवर तो आंबूस व्हायला लागलेला असे. म्हणजे बेचाळीस वर्षांची बाटली त्या काळच्या लंडनच्या कलालापुढे ठेवली असती तर त्याने ती गटारात ओतली असती.

मग चित्र पालटलं कसं? माझ्या समजुतीने यात फ्रेंचांचा वाटा निम्माच. सतराव्या शतकात डच आले. मेदॉक तेव्हा बराचसा दलदलीचा होता. डच इंजिनिअरांनी चर खणून पाणी काढलं आणि खालच्या गोट्यागोट्यांच्या जमिनी उघड्या पडल्या. आज ज्या टेकाडांचं नाव जगभर घेतलं जातं ती ही टेकाडं. डचांनी दुसरी गोष्ट शिकवली ती गंधकाची. रिकाम्या पिंपात गंधकाची वात जाळायची, म्हणजे आतले जंतू मरतात आणि वाइन टिकते. फ्रेंच लोक तिला 'डच काडी' म्हणत.

बाटली इंग्रजांची. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाने काचेच्या भट्ट्यांना लाकूड जाळायची बंदी केली, कारण लाकूड आरमाराला हवं होतं. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या, त्यांची आच वाढली, आणि काच जाड, काळपट, मजबूत निघू लागली. बूच पोर्तुगालच्या बाजूचं. अठराव्या शतकात बाटली सरळ नळकांड्यासारखी झाली आणि आडवी रचता येऊ लागली. आडवी ठेवली की बूच ओलं राहतं, आत हवा जात नाही. एवढ्या साध्या गोष्टीवर जुन्या वाइनचा सगळा डोलारा उभा आहे.

आणि चव घडवली ती चक्क जकातीने. सॅम्युअल पीप्सने १६६३ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या एका खानावळीत ओ-ब्रियाँ नावाची वाइन घेतल्याची नोंद रोजनिशीत केली आहे (स्पेलिंग मनाला येईल तसं). १६७७ मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉक तो मळा बघायला गेला आणि इतकी रेताड, निकस जमीन पाहून चकित झाला. ज्या लॉकने बी.ए.ला आमचा राज्यशास्त्राचा पेपर छळला, तो गृहस्थ मळ्यात उभा राहून माती बघतोय ही कल्पना मला फार आवडली. पुढे फ्रान्स-इंग्लंड युद्धं झाली, फ्रेंच वाइनवर जबर कर बसला, आणि १७०३ च्या तहाने पोर्तुगीज वाइनला सवलत मिळाली. आता स्वस्त फ्रेंच माल पाठवून पडतळ बसेना. हलक्या आणि भारी पिंपाला कर तोच, मग भारीच पाठवा! मालकांनी निवडक द्राक्षं, नवी पिंपं, जास्त काळ मुरवणं सुरू केलं. त्यातून गडद, तुरट, टिकाऊ असा माल तयार झाला.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाणं मला इतिहासाची शिक्षिका म्हणून शक्य नाही. अठराव्या शतकातलं बोर्दो पाहिलं की डोळे दिपतात. नदीकाठचा तो चौक, दगडी कमानी, खिडक्यांवर कोरलेले चेहरे. लेकीने बोट दाखवून म्हटलं, आई, नीट बघ. त्यातले काही चेहरे आफ्रिकन आहेत. हे वैभव नुसत्या वाइनचं नव्हे. इथून वाइन आणि पीठ कॅरिबियनमधल्या सँ-दोमँग वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, जात होतं आणि परतीला साखर, कॉफी, नीळ येत होती. ती पिकवणारी माणसं गुलाम होती. बोर्दोच्या जहाजांनी सुमारे पाचशे फेऱ्यांमध्ये सव्वा ते दीड लाख आफ्रिकन माणसं समुद्रापार नेली. शहराने ही गोष्ट फार उशिरा बोलायला घेतली. २००९ मध्ये तिथल्या अ‍ॅक्विटेन संग्रहालयात यासाठी कायमची दालनं उघडली. २०१९ मध्ये नदीकाठी मोदेस्त तेस्तास या गुलाम केल्या गेलेल्या स्त्रीचा पुतळा उभा राहिला. ती आज पूर्व आफ्रिकेत मोडणाऱ्या भागातली, बोर्दोच्या दोघा भावांनी विकत घेतलेली. पुतळ्याच्या पायाशी मी बराच वेळ बसले. तिची नजर नदीकडे आहे. पर्यटक तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढतात आणि पुढे वाइनच्या संग्रहालयाची ट्राम पकडतात. आम्हीही तीच ट्राम पकडली.

आता बाटलीवरचं नाव. बार्टन हे फ्रेंच आडनाव नव्हे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात थॉमस बार्टन हा आयरिश व्यापारी बोर्दोत आला आणि त्याने वाइनची पेढी काढली. त्याचा नातू ह्यू बार्टन याला राज्यक्रांतीच्या धामधुमीत परदेशी म्हणून अटक झाली. सुटल्यावर तो आयर्लंडला गेला. पेढी सांभाळली ती दानिएल गेस्तिए या फ्रेंच मित्राने. फ्रेंचाने इकडून माल पाठवायचा, आयरिशाने तिकडे विकायचा, दोघांमध्ये युद्ध आणि समुद्र! १८०२ मध्ये रीतसर भागीदारी झाली. ह्यूने १८२१ मध्ये लांगोआचा मळा घेतला आणि १८२६ मध्ये फुटलेल्या लेओव्हिल जहागिरीचा एक तुकडा. लेओव्हिल बार्टनला स्वतःचा वाडा नाही. वाइन होते ती लांगोआच्या तळघरात. मळा आजतागायत त्याच घराण्याकडे आहे. त्या टापूत इतकी वर्षं एकाच घराकडे राहिलेल्या जमिनी थोड्याच.

१८५५ मध्ये पॅरिसला तिसऱ्या नेपोलियनने मोठं प्रदर्शन भरवलं. त्यासाठी बोर्दोच्या दलालांनी मेदॉकच्या लाल वाइनची पाच पायऱ्यांची यादी केली. लेओव्हिल बार्टन दुसऱ्या पायरीवर, लांगोआ तिसऱ्या. मला गंमत वाटली ती याची, की यादी करताना कुणी चाखत बसलं नाही. गेल्या कित्येक वर्षांत कुणाला काय भाव मिळाला ते दलालांच्या वह्यांत होतंच, त्यावरून क्रम लागला. आणि मग ती यादी गोठली. १९७३ मध्ये मुताँ रोथशिल्डला दुसरीतून पहिलीत चढवलं, तेवढा एक मोठा बदल. चौथीच्या स्कॉलरशिपची गुणवत्ता यादी लागावी आणि त्यावरून नातवंडांच्याही पगाराचे आकडे ठरावेत, असा हा प्रकार. भाव होता म्हणून नंबर लागला आणि आता नंबर आहे म्हणून भाव मिळतो. मालक पाठोपाठ बदलले, वेली बदलल्या, मळ्यांच्या हद्दीसुद्धा बदलल्या, नंबर तोच.

वेली बदलल्या म्हणजे मुळापासून बदलल्या. १८६० च्या दशकात फ्रान्सच्या दक्षिणेला वेली वाळू लागल्या. १८६८ मध्ये माँपेलिएच्या प्लाँशों या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी मेलेल्या वेली सोडून शेजारच्या, अजून बऱ्या दिसणाऱ्या वेली उपटल्या. मुळांवर पिवळसर माव्यासारखे बारीक किडे. फायलोक्सेरा. तो आला होता अमेरिकेहून, तिकडच्या रोपांबरोबर. १८७५ मध्ये फ्रान्सचं वाइनचं उत्पादन साडेआठ कोटी हेक्टोलिटरच्या जवळ होतं, १८८९ मध्ये सव्वादोन कोटींच्या आसपास उरलं. गावंच्या गावं उठली. इलाजही शेवटी अमेरिकेतूनच आला. तिकडच्या जंगली वेलींच्या मुळांना या किड्याची सवय होती, म्हणून मूळ अमेरिकन आणि वर कलम फ्रेंच. आज बोर्दोची जवळजवळ प्रत्येक वेल अशी आहे. आमच्या सांगली-नाशिककडच्या बागा 'डॉगरिज'च्या खुंटावर आहेत, तोही अमेरिकन. कारण मात्र वेगळं. आपल्याला किड्यापेक्षा पाण्याचा तुटवडा आणि खारं पाणी यांनी तिकडे नेलं.

अमेरिकन रोपांबरोबर आणखी एक पाहुणा आला, 'डाऊनी'. आमचे शेतकरी त्याला केवडाही म्हणतात. पानाखाली पांढरी लव, मग पान करपतं, घड जातात. १८८२ चा ऑक्टोबर. बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पिएर मियार्दे मेदॉकमधून चालले होते. सगळीकडे पानं गळालेली, पण रस्त्याच्या कडेच्या काही ओळी हिरव्यागार. जवळ जाऊन पाहिलं तर पानांवर निळसर थर. मळ्याच्या कारभाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, वाटसरू द्राक्षं तोडून खातात, म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडतो. विषारी दिसतं, मग कुणी हात लावत नाही. औषध म्हणून नव्हे, चोरांना भीती म्हणून! मियार्द्यांनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. ते बोर्डो मिश्रण.

आणि हे घडलं ते गाव कोणतं? सँ-ज्युलियाँ. माझ्यापुढच्या बाटलीचं गाव. बरोबर शंभर वर्षांनी, १९८२ च्या हंगामात, त्याच गावात या बाटलीतली द्राक्षं पिकली. लेकीला हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, आई, तुझ्या वर्गातली मुलं सदऱ्यावर डाग घेऊन यायची ते याच गावामुळे. बाकी औषधाचं काम संपलेलं नाही. २०२३ मध्ये बोर्दोत डाऊनीने, विशेषतः मेर्लो जातीवर, कहर केला. सेंद्रिय शेती करणाऱ्यांनाही तिकडे तांबं चालतं, पण जमिनीत साचतं म्हणून युरोपीय संघाने हेक्टरी वर्षाला सरासरी चार किलोची मर्यादा घातली आहे. आमच्याकडे 'जास्त मारलं की जास्त गुण' हा हिशोब अजून चालतो, त्याबद्दल पुन्हा कधी.

दुसऱ्या महायुद्धाबद्दल थोडक्यात. १९४० मध्ये जर्मन आले तेव्हा मालक रॉनल्ड बार्टन इंग्लंडला निसटले आणि ब्रिटिश फौजेत दाखल झाले. मळा शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त व्हायचा. पण गेस्तिए घराण्यातल्या भागीदाराने बाजू लावून धरली की हे आयरिश लोक, आयर्लंड तटस्थ आहे. मळा वाचला. राज्यक्रांतीत पणजोबांनी केलं तेच पुन्हा दीडशे वर्षांनी त्याच घराने केलं. युद्धानंतर रॉनल्ड परतले, थकलेल्या वेली सांभाळत राहिले आणि १९८३ मध्ये मळा पुतण्याच्या, अँथनींच्या, हाती दिला. म्हणजे १९८२ हे जुन्या मालकांच्या कारकिर्दीचं शेवटचं पीक. त्या वर्षी फुलोरा लवकर आला, सप्टेंबर कडक तापला, पीक भरघोस. (आपल्याकडे त्या साली मुंबईत गिरणी संप चालू होता. लेकीच्या बारशाला माझे मावसभाऊ परळहून आले ते गिरणीला टाळं ठोकूनच.) काही जाणकार म्हणाले, फार गोड, फार मऊ, टिकणार नाही. रॉबर्ट पार्कर नावाच्या एका अमेरिकन वकिलाने म्हटलं, हे वर्ष मोठं आहे. त्याचं नाव त्यावरून झालं.

आता एकदाची बाटली उघडू. आजोबांनी ती आदल्या दिवशीच उभी करून ठेवली होती, गाळ तळाशी बसावा म्हणून. बूच अर्ध्यात तुटलं. उरलेलं त्यांनी न बोलता, दहा मिनिटं घेऊन, काढलं. मग मेणबत्ती पेटवली आणि बाटलीच्या मानेमागे ज्योत धरून वाइन हळूहळू काचेच्या सुरईत ओतली. मानेत गाळाची काळी रेघ दिसली की थांबले. तळाशी दोन बोटं उरलं. ताज्या लाल वाइनमध्ये रंगाचे आणि तुरटपणाचे बारीक कण मोकळे असतात. वर्षं जातात तसे ते एकमेकांना धरतात, जड होतात आणि खाली बसतात. म्हणून जुनी वाइन फिकी होत जाते आणि जिभेला कमी ओढते. पेल्यातला रंग मध्ये डाळिंबी आणि कडेला विटकरी होता. आमच्या जुन्या घराच्या कौलांचा.

चव लिहायची तर एक अडचण होती. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दो विद्यापीठातल्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये बेमालूम लाल रंग घालून दिला, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकणाऱ्यांची ही गत, तर तासगावची बाई काय सांगणार? म्हणून मी ठरवलं, आजोबांनी तोंड उघडायच्या आत आपले शब्द वहीत लिहायचे.

वहीत असं आहे: 'पहिला वास बंद कपाटाचा. मग पेन्सिल तासल्याचा. मग ओला पाचोळा, पानाच्या डब्यातला तंबाखू, थोडा कात. फळ फार मागे, वाळल्या जांभळासारखं. जिभेवर आधी आंबट, मग तुरट, पण आवळ्यासारखं नाही, सुपारी चघळून झाल्यावर उरतं तसं. गोड नाही. गिळल्यावर बराच वेळ राहतं.' आयुर्वेदाने कषाय हा सहा रसांपैकी एक मानला. हल्लीचे शास्त्रज्ञ म्हणतात ती चव नव्हेच, स्पर्श आहे. त्या दिवशी मला दोघांचंही पटलं.

मग आजोबा बोलले आणि लेकीने भाषांतर केलं: सीडरचं लाकूड, तंबाखू, झाडीतली जमीन. मी वही पुढे केली. पेन्सिलीवर ते अडले, लेकीने समजावलं तेव्हा टेबलावर थाप मारून हसले. चांगल्या पेन्सिली त्याच लाकडाच्या व्हायच्या! पस्तीस वर्षं खिडकीखालच्या कोपऱ्यात पोरांनी तासलेल्या पेन्सिलींचा भुगा मी झाडायला लावला. त्याचा वास मला येणार नाही तर कुणाला?

अर्ध्या तासाने ती सगळ्यात छान होती. फळ जरा पुढे आलं, कपाट गेलं. सव्वा तासाने पाहिलं तर उतरली होती, नुसता आंबटपणा आणि लाकूड. बेचाळीस वर्षं अंधारात आणि चांगली वेळ एवढीच. आजोबांना त्याचं काही वाटलं नाही. उरलेली त्यांनी स्वयंपाकघरात नेली, मटणात घालायला. १९८५ साली ही बाटली त्यांनी पोस्टाच्या पगारात घेतली होती. आज त्या पगारात ती येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

माझा एक माजी विद्यार्थी, आता पंचावन्नचा, चार एकर बागेचा मालक. त्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. गुलाम, जर्मन, मेणबत्ती, पेन्सिल, सगळं. मग म्हणाला, "बाई, ते समदं खरं. पर शेतकऱ्याला लिटरमागं काय सुटतंय?"

तेव्हा मी त्याला जे लेकीकडून आणि तिथल्या वर्तमानपत्रांतून कळलं ते सांगितलं. यादीतले मळे साठच्या आसपास. बाकी हजारो शेतकरी साधी लाल बोर्दो काढतात, आणि अलीकडे घाऊक बाजारात तिला लिटरला एक युरोच्या आसपास भाव मिळतो. त्यात खर्चही निघत नाही. फ्रेंच लोकच लाल वाइन पूर्वीपेक्षा खूप कमी पितात. डिसेंबर २०२२ मध्ये शेतकरी बोर्दोच्या रस्त्यावर उतरले आणि त्यांची मागणी होती की वेली उपटायला पैसे द्या. २०२३ पासून सरकारी मदतीने हजारो हेक्टर बागा उपटल्या गेल्या. बसने जाताना बांधावर बुंध्यांचे ढीग मी पाहिले आहेत. मुळं वर, माती वाळलेली.

"मुळ्या अमेरिकनच ना त्या?" त्याने विचारलं. हो म्हटलं.

"मग त्या रानात आता काय लावायचं?"

काहींनी रान वीस वर्षं पडीक किंवा जंगलाला सोडायचं कबूल करून पैसे घेतले आहेत, काही जण ऑलिव्ह लावून बघताहेत, असं मी सांगितलं. ऑलिव्हला एकरी किती झाडं बसतात, असं त्याने लगेच विचारलं.